आषाढातली उधारी



 बदलापूर स्टेशनवर उतरून इथे खरवईत येताना वाटेत टॉवर दिसले असतील, एमआयडीसीचे कारखाने दिसले असतील. ग्रामीण गरिबीवरची परिषद इथे कशाला, असे मनात आले असेल तर त्यात वावगे काही नाही. पण टॉवरची रांग संपली, की बारवी धरणाकडे, तसेच मुरबाड-कर्जतच्या बाजूला ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या लागतात. तिथल्या घरांचे वर्ष आषाढ-श्रावणात अडते. कणगी रिकामी, मजुरी बंद, भात अजून हिरवे. मग सावकाराकडून धान्य येते आणि सुगीत दीडीदुपटीने परत जाते. नाहीतर वीटभट्टीच्या मालकाची उचल घेतली जाते आणि दिवाळी सरली की पोराबाळांसह भट्टीवर जाताना घराला कडी लागते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो, तेव्हा पुष्कळांच्या अंगावर काही रक्कम उरतेच.

गरिबीवर काम करणाऱ्या स्वयंसेवी संस्थेचे काम जोखायचे ते या उधारीपाशी. शिलाई यंत्रे वाटून फोटो काढणेही अहवालात काम म्हणूनच लागते, असो.

कर्जत तालुक्यातल्या कशेळे येथील अकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेने नेमकी हीच नस धरली आणि वाड्यांमध्ये धान्यकोश उभे केले. सुगीत सभासदांनी भात जमा करायचे, पावसाळ्यात गरजेपुरते उचलायचे, पुढच्या सुगीत थोड्या वाढीने फेडायचे. ती वाढ सावकाराच्या घरी न जाता कोशातच राहते. कुणाला किती द्यायचे, कुणाची फेड थांबवायची, हे वाडीची बैठक ठरवते. १९९६-९७ मध्ये केंद्र सरकारनेही आदिवासी भागांसाठी ग्राम धान्यकोश योजना आणली. मात्र स्वतःच्या पायलीने भरलेली कोठी माणूस जशी राखतो, तशी ट्रकने आलेल्या पोत्यांची राखण होत नाही. संस्थेची खरी मेहनत त्या बैठका बसवण्यात असते.

दुसरे उदाहरण वसईचे. लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी मालकाकडे राबणाऱ्याला त्या वेळच्या ठाणे जिल्ह्यात लग्नगडी म्हणत. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली होती. पण मालकाचा वाडा सोडून तहसीलदारापुढे उभे राहायचे, तर पाठीशी कुणी हवे. १९७९ मध्ये विधायक संसद आणि १९८२ मध्ये श्रमजीवी संघटना सुरू करणाऱ्या विवेक आणि विद्युल्लता पंडित यांनी ती बाजू सांभाळली. अर्ज, जबाब, मुक्ततेचा दाखला, मग पुनर्वसनाच्या रकमेसाठी पुन्हा खेटे. पुढे वीटभट्ट्यांवरच्या मुलांसाठी विधायक संसदेने भोंगाशाळा चालवल्या. भोंगा म्हणजे भट्टीवरची मजुरांची झोपडी.

हे सरकारचेच काम होते, असे कुणी म्हणेल. बरोबरच आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो धान्य मिळते. एवढे धान्य कुठलीही संस्था देऊ शकणार नाही. पण कुटुंब भट्टीवर आणि शिधापत्रिका वाडीत असेल, तर ते धान्य ताटात येईपर्यंत कुणीतरी पाठपुरावा करावाच लागतो.

आता नवी अडचण जमिनीची. अनेक कातकरी वाड्या खासगी मालकीच्या जागेवर वसल्या आहेत. शहर सरकत येते तसा भाव चढतो आणि मालकाला वाडी अडचण वाटू लागते. या विषयावर वाडीतल्या महिला स्वतः बोलणार आहेत. त्यांना परतीची एसटी गाठायची असल्याने त्यांचे सत्र जेवणाआधी ठेवले आहे. पाहुण्यांनी आपली भाषणे त्या बेताने आवरावीत, ही स्वागत समितीची विनंती.