चित्राखाली नाव असावं

(वांकिडी येथील गणेशोत्सवातल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या भागातली चित्रं आणि छायाचित्रं गणपतीच्या मांडवात मांडावीत, आणि तीच इंटरनेटवरही ठेवावीत, म्हणजे हैदराबादला, पुण्याला, परदेशात गेलेल्या मुलाबाळांनाही ती बघता येतील, असा विचार मंडळात चालला आहे. त्यावर चार शब्द बोलायला मला सांगितलं. विचार चांगलाच आहे. तो पार कसा पाडायचा, एवढ्यापुरतंच मी बोलणार आहे. माझं म्हणणं एका वाक्यात मावतं: प्रत्येक चित्राखाली आणि प्रत्येक फोटोखाली माणसाचं नाव आणि गावाचं नाव असावं. ऐकायला हे सोपं वाटतं, पण नेमकं हेच काम राहून जातं.

चार लोकांना दाखवणं हे गणेशोत्सवाच्या मुळातच आहे. १८९३ मध्ये लोकमान्यांनी त्याला सार्वजनिक रूप देण्याचा पुरस्कार केला, तेव्हापासून मेळे, देखावे, व्याख्यानं हे सगळं मांडवात आलं. त्याच सुमारास, १८९४ मध्ये, राजा रविवर्म्यानं मुंबईत छापखाना काढला. राजवाड्यात टांगली जाणारी लक्ष्मी आणि सरस्वती त्यामुळे साध्या घराच्या देवघरात आली. आज मोबाईलवर चित्र येतं त्याचं आपल्याला नवल वाटतं. आपल्या पणजोबांनाही त्या छापील तसबिरीचं असंच नवल वाटलं असणार.

आपण ज्या हैदराबाद संस्थानात होतो, तिथलंही एक उदाहरण आहे. वेदांचे भाष्यकार म्हणून आपण ज्यांना ओळखतो ते पंडित सातवळेकर मूळचे चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कला विद्यालयात शिकून विसाव्या शतकाच्या आरंभी ते हैदराबादला आले आणि तिथं त्यांनी चित्रशाळा थाटली. ते व्यक्तिचित्रं रंगवत आणि फोटोही काढत. कुंचला आणि कॅमेरा एकाच छपराखाली होता. त्यामुळे चित्रं आणि फोटो एकत्र मांडणं ही काही उपरी कल्पना नाही. आपल्या माणसांनी ते शंभर वर्षांपूर्वी केलं आहे.

आता आपल्या गावाकडे येऊ. आसिफाबादहून राजुऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर आपण बसलो आहोत. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत आदिलाबाद जिल्ह्यातले राजुरा आणि किनवट हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्यात गेले आणि आपण इकडे राहिलो. आज ऐंशीच्या पुढे असलेल्या माणसानं घराचा उंबरा न ओलांडता हैदराबाद संस्थान पाहिलं, आंध्र प्रदेश पाहिला, २०१४ नंतर तेलंगणा पाहिलं. जिल्हासुद्धा २०१६ मध्ये बदलला. आदिलाबादचे आपण कुमरम भीम आसिफाबादचे झालो. सरकारी कागदाची भाषा बदलत गेली आणि घरातली मराठी राहिली. अशा सीमेवरच्या समाजाचा इतिहास एका ठिकाणी सापडत नाही. थोडा हैदराबादला, थोडा चंद्रपूरला, आणि बराचसा आपल्याच घरातल्या पेटीत, फोटोंच्या अल्बममध्ये. म्हणून हे प्रदर्शन नुसती हौस नाही.

मांडायचं काय? चित्र म्हटलं की आपल्याला चौकटीतलं चित्र आठवतं. पण आपल्या बायकांनी शेकडो वर्षं चित्रं काढली ती भिंतीवर आणि अंगणात. नागपंचमीचे गेरू-चुन्याचे नाग, श्रावणातली जिवती, दिवाळीची रांगोळी, पोळ्याच्या बैलांची रंगलेली शिंगं आणि झुली. ही चित्रं आठवड्याभरात पुसली जातात, आणि पुसली जाणारी गोष्ट टिकवायला फोटोसारखं साधन नाही. जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातली निर्मळची रंगकला आहे. ओझा कारागिरांचं पितळेचं ओतकाम आहे. त्याला ‘आदिलाबाद ढोकरा’ म्हणून २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. दिवाळीतली दंडारी आणि मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी आहेत. आणि एक गोष्ट आपल्यातल्याच पुष्कळांना ठाऊक नसते: गोंडांच्या कुळकथा किंगरीवर गाणारे आदिलाबादकडचे प्रधान गातात गोंडीत, पण त्यांच्या घरातली बोली मराठी आहे. मराठीचं प्रदर्शन म्हणून आपण जे मांडू, त्यात तेही आपले धरले पाहिजेत.

आता नावाकडे येतो. १८६८ ते १८७५ या काळात इंग्रज सरकारनं ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड काढले. देशभरच्या लोकांचे फोटो त्यात आहेत. बहुतेक फोटोंखाली जात लिहिली आहे, जमात लिहिली आहे, स्वभाव कसा तेही लिहिलं आहे. पण कॅमेऱ्यासमोर बसलेला तो माणूस कोण, त्याचं नाव काय, हे क्वचितच. आज हे खंड इंटरनेटवर कोणालाही बघता येतात. त्यातला एखादा चेहरा कोणाच्या तरी खापरपणजोबाचा असेल, पण तो घरी परत यायची वाट बंद झाली. फोटो टिकला आणि माणूस हरवला.

आपल्या भागाचं नशीब जरा बरं. १९४० मध्ये जोडेघाटला कुमरम भीम मारले गेले. त्यानंतर इथल्या गोंडांचा असंतोष समजून घ्यायला निजाम सरकारनं ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमनडॉर्फ या ऑस्ट्रियन अभ्यासकाची मदत घेतली. तो आणि त्याची पत्नी एलिझाबेथ, म्हणजे बेट्टी, मारलवाईला झोपडी बांधून राहिले. गोंडी शिकले, आदिवासी मुलांसाठी शाळा आणि शिक्षक तयार करायच्या कामाला हातभार लावला. १९४८ मध्ये आदिलाबादच्या राजगोंडांवरचं त्याचं पुस्तक आलं. त्याच्या लिखाणात गोंड आणि प्रधान माणसं नावागावासकट भेटतात. त्याने देशभर काढलेले हजारो फोटो लंडनच्या सोआस या संस्थेत आहेत आणि त्यांतले पुष्कळ इंटरनेटवर बघायला मिळतात. बेट्टी १९८७ मध्ये हैदराबादला वारली. तिची समाधी मारलवाईला आहे आणि दर जानेवारीत तिथं लोक जमून दोघांचं स्मरण करतात. परक्या माणसाचं स्मरण गाव उगाच करत नाही. त्या जोडप्यानं गावातल्या माणसांना माणूस म्हणून ओळखलं होतं. त्याच मारलवाईचे कनक राजू यांना गुसाडी नृत्यासाठी २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. २०२४ मध्ये ते गेले. त्याआधी कितीतरी वर्षं गुसाडीचे फोटो छापून येत, आणि खाली ‘आदिवासी नृत्य’ एवढंच असे.

चित्रांचीही तीच गोष्ट. भास्कर कुलकर्णी हे आपले मराठी चित्रकार. साठीच्या दशकात बिहारमध्ये दुष्काळ पडला, तेव्हा ते मिथिलेत गेले आणि भिंतीवर चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती त्यांनी कागद दिला. पुढे ते डहाणूकडे वारली पाड्यांवरही गेले. वारल्यांचा लग्नाचा चौक सुवासिनी भिंतीवर लिहितात. भिंतीवर सही कोण करतं? कागद आला तशी नावंही आली. गंजाडचे जिव्या सोमा मशे साऱ्या जगाला नावानं ठाऊक झाले आणि २०११ मध्ये पद्मश्री झाले. उलट बाजूही बघा. पिशव्यांवर, पडद्यांवर, हॉटेलांच्या भिंतींवर वारली चित्रं आज ढिगानं दिसतात. ती कोणी काढली, त्याला त्याचे पैसे मिळाले का, हे कोण विचारतो? इंटरनेटवर चित्र एका क्षणात शंभर ठिकाणी जातं. नाव सोबत गेलं तर कलावंताला काम मिळतं. नाव सुटलं तर चित्र फुकटचं होतं.

म्हणून मंडळाला माझ्या काही सूचना आहेत.

पहिली, घरातल्या जुन्या फोटोंची. फोटो गोळा करताना मागच्या बाजूला मऊ पेन्सिलीनं हलकेच नावं लिहा. बॉलपेनचा ठसा पुढे उमटतो. नावं लिहिताना बायकांची त्यांची स्वतःची नावं लिहा. आपल्या अल्बममध्ये पुरुषांची नावं असतात आणि शेजारी ‘मंडळी’ किंवा ‘अमक्याची सून’. तिचं माहेरचं नाव, माहेरचं गाव लिहा. सीमेपलीकडचं नातं त्यावरूनच कळतं. आणि फोटोच्या कडेला उभा असलेला सालगडी विसरू नका. पोळ्याच्या फोटोतल्या बैलाचं नाव सगळ्या घराला आठवतं आणि कासरा धरलेल्या माणसाचं आठवत नाही, असं आपल्याकडून होऊ नये. त्याची नातवंडंही याच गावात आहेत, तीही हे प्रदर्शन बघणार आहेत.

दुसरी, फोटो उतरवून घेण्याची. सत्तर-ऐंशीच्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडत चालले आहेत, कारण त्यांतला निळसर रंग आधी विरतो. जुने कृष्णधवल फोटो त्या मानानं टिकतात. म्हणून रंगीत आधी घ्या. स्कॅनर असेल तर उत्तम. मोबाईलनं काढायचे तर फ्लॅश बंद ठेवा आणि दिवसा, सावलीत, फोटो सपाट ठेवून काढा. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नका, काचेसकट उतरवा. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला तर तो लहान होऊन जातो; ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. सगळ्या फोटोंच्या दोन-तीन प्रती वेगवेगळ्या घरी ठेवा. मंडळाचे पदाधिकारी बदलतात, फोनही बदलतात.

तिसरी, परवानगीची. ज्याचं चित्र आहे त्याला विचारा, ज्याचा फोटो आहे त्याच्या घरच्यांना विचारा. आदिवासी पाड्यावर देवाचे, पूजेचे फोटो काढण्याआधी तिथल्या पटेलांना विचारा. ते नाही म्हणाले तर तो फोटो मांडू नका. त्यावर वाद घालू नका.

चौथी सूचना मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. इंटरनेटवर ठेवण्याआधी सगळे फोटो मांडवात, मोठ्या पडद्यावर, दाखवा. संध्याकाळच्या आरतीनंतर तासभर. पुढच्या रांगेत गावातल्या म्हाताऱ्या माणसांना बसवा, प्रधानांच्या आणि कोलामांच्या घरची वडीलधारी माणसंही बोलवा. एकेक फोटो सावकाश दाखवा आणि त्यांना विचारा, हे कोण? एक जण म्हणेल ही आमची मावशी, दुसरा म्हणेल छे, ती तर तिची जाऊ. वाद होऊ द्या. शाळेतल्या मुलांना वही देऊन लिहायला बसवा आणि बोलणंही फोनवर रेकॉर्ड करा. नाव मराठीत लिहा, तेलुगूतही लिहा, म्हणजे इकडच्या शाळेत शिकलेल्या नातवाला वाचता येईल.

कागदावरचा फोटो नीट ठेवला तर अजून पन्नास वर्षं राहील. तो ओळखणारी माणसं तेवढी थांबणार नाहीत. काही घरांत त्यांतलं एकच माणूस उरलं आहे, आणि ते यंदाच्या गणपतीला आपल्यात आहे. यंत्रं पुढच्या वर्षी आणखी स्वस्त होतील, त्यांची घाई नाही. घाई आहे ती विचारून घेण्याची.

तेव्हा उद्यापासून प्रत्येकानं आपल्या घरचा एक फोटो आणि त्यातल्या सगळ्यांची नावं, एवढं तरी मंडळाकडे आणून द्यावं, ही विनंती करतो आणि थांबतो. 

गणपती बाप्पा मोरया!