फातिमा : एका नावाचा अर्थ आणि प्रवास

(संस्थेच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत अशी चालकांची इच्छा होती. शिक्षणाचे महत्त्व या विषयावर तुम्ही आजवर पुष्कळ भाषणे ऐकली आहेत. त्यांत आणखी एकाची भर घालण्याऐवजी मी आज एक नाव तुमच्यापुढे ठेवणार आहे. ते तुमच्या घरात नसेल तर शेजारी आहे, शेजारी नसेल तर आजोळी नक्की आहे. ते नाव म्हणजे फातिमा.

आपल्या शाळेचे हजेरीपट उघडून पाहा. कुठे फातिमा, कुठे फातेमा, कुठे फातमाबी. कुठे दुसऱ्या शब्दाला जोडून कनीज फातिमा, नूर फातिमा. कोकणात घरोघरी तिची फातमा होते आणि लाडाने फातू होते. मुलींना मी वर्गात या नावाचा अर्थ विचारतो, तेव्हा उत्तर मिळते, ‘सर, ते आपल्या पैगंबरांच्या मुलीचे नाव आहे.’ उत्तर खरे आहे. पण नाव कोणाचे, एवढेच त्याने कळते. नावाचा अर्थ सांगायचा राहूनच जातो.

अरबी भाषेत बहुतेक शब्द तीन अक्षरांच्या मुळापासून तयार होतात. फे, तोय आणि मीम या तीन अक्षरांचे एक मूळ आहे. त्याचा अर्थ तोडणे, वेगळे करणे. आणि विशेषतः बाळाचे अंगावरचे दूध तोडणे. ‘फिताम’ म्हणजे दूध तोडण्याची क्रिया आणि ‘फातिमा’ म्हणजे दूध तोडणारी. गंमत पाहा, आपल्या मराठीतही आपण ‘दूध तोडणे’ असेच म्हणतो. दोन भाषा एकमेकींपासून इतक्या लांब, पण या कामासाठी दोघींनाही तोडण्याचाच शब्द सुचला. ज्या माताभगिनी इथे बसल्या आहेत त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. मूल दोन दिवस रडते, आईचा जीव वरखाली होतो, कोणी कडूलिंबाचा पाला वाटून लावते. तरीही ते करावेच लागते, कारण नाही केले तर मूल भाताला, भाकरीला तोंड लावत नाही आणि वाढत नाही.

मुलीचे नाव असे का ठेवत असतील? अरबांत नाव ठेवताना शुभ चिंतण्याची चाल होती. मुलगी जगो, मोठी होवो, आई होवो आणि तिचे मूलही दूध सोडण्याच्या वयापर्यंत सुखरूप पोहोचो, असा आशीर्वाद या नावात आहे, असा अर्थ लावला जातो. ज्या काळी पुष्कळ बाळे दुधावर असतानाच दगावत, त्या काळी हा आशीर्वाद लहान नव्हता. पुढे श्रद्धावंतांनी या नावाला आणखी एक अर्थ जोडला : दोजखच्या आगीपासून जिला वेगळे केले आहे ती.

दूध तोडण्याविषयी कुरआन शरीफात, सूरह बकरामध्ये, जी आज्ञा आहे ती पालकांनी मुद्दाम वाचावी. तिथे शब्द ‘फिसाल’ असा दुसरा आहे, पण गोष्ट हीच आहे. आईने दोन वर्षे दूध पाजावे; त्याआधी तोडायचे असेल तर आई आणि बाप या दोघांच्या राजीखुशीने व सल्लामसलतीने तोडावे, त्यात दोष नाही, असा तिचा आशय आहे. एका तान्ह्या मुलाच्या बाबतीत एवढी काळजी! निर्णय एकट्या बापाने घ्यायचा नाही आणि एकट्या आईवर टाकायचाही नाही. हा सल्लामसलतीचा मुद्दा लक्षात ठेवा, कारण मी त्याकडे परत येणार आहे.

फातिमा हे नाव इस्लामच्या आधीपासून अरबस्तानात प्रचलित होते. पैगंबर हजरत मुहम्मद (स.) यांच्या आजीचे, म्हणजे वडील अब्दुल्लाह यांच्या आईचे, नाव फातिमा होते. चुलते अबू तालिब यांच्या पत्नी आणि हजरत अलींच्या आई याही फातिमाच. मदिनेत तर या नावाच्या इतक्या स्त्रिया होत्या की, एकदा रेशमी वस्त्र भेट आले तेव्हा पैगंबरांनी ते हजरत अलींना दिले आणि त्याच्या ओढण्या करून ‘फातिमांमध्ये’ वाटायला सांगितले, अशी सहीह मुस्लिममध्ये नोंद आहे. अरबीत या नावाचे अनेकवचन आहे, ‘फवातिम’.

या अनेक फातिमांपैकी एकीची हकीकत विद्यार्थ्यांनी आवर्जून ध्यानात ठेवावी. ती म्हणजे हजरत उमर यांची बहीण. उमर तेव्हा इस्लामचे कट्टर विरोधी होते. आपली सख्खी बहीण आणि मेहुणे यांनीच नवा धर्म स्वीकारला आहे असे कळताच ते रागाने तिच्या घरी गेले. आत वाचन चालू होते. त्यांची चाहूल लागताच फातिमाने लिहिलेला कागद लपवला. उमरनी मेहुण्यांवर हात टाकला, बहीण मध्ये पडली, तिला लागले आणि रक्त आले. पण ती हटली नाही. बहिणीचे रक्त पाहून उमर वरमले आणि त्यांनी तो कागद मागितला. ‘आधी स्वच्छ होऊन या,’ असे त्या बहिणीने एवढ्या ताकदवान भावाला सांगितले. मग त्यांनी सूरह ताहा वाचली आणि त्यांचे मन पालटले. सीरतच्या ग्रंथांत ही हकीकत आहे. इस्लामच्या इतिहासातले एवढे मोठे वळण एका फातिमाच्या घरात घडले, आणि घडले ते वाचनामुळे.

पैगंबरांची कन्या हजरत फातिमा जहरा यांच्यामुळे हे नाव जगभर गेले. मदिनेच्या प्रमुखाची मुलगी, पण घरी स्वतः जाते ओढत असे. हाताला घट्टे पडले म्हणून ती वडिलांकडे घरकामाला माणूस मागायला गेली. वडिलांनी तिला त्याऐवजी ३३ वेळा सुब्हानल्लाह, ३३ वेळा अल्हम्दुलिल्लाह आणि ३४ वेळा अल्लाहु अकबर म्हणायला शिकवले. तुमच्या आजीच्या हातातली तसबीह-ए-फातिमा ती हीच. वडिलांनंतर काही महिन्यांतच, इ. स. ६३२ मध्ये, त्या वारल्या. त्यांचे मुलगे हसन आणि हुसेन. शिया आणि सुन्नी दोघांनाही हे नाव सारखेच प्रिय आहे, आणि सय्यद घराणी आपला वंश त्यांच्यापासूनच सांगतात.

तिथून पुढे हे नाव जिथे गेले तिथल्या जिभेवर बसले. तुर्कस्तानात त्याचे फातमा झाले, इराणात फातेमे, पूर्व आफ्रिकेत फातुमा, सोमालियात फादुमो. पश्चिम आफ्रिकेत सेनेगल, माली या देशांत फातू आणि फातुमाता झाले. म्हणजे आपल्या कोकणातली फातू आणि सेनेगलमधली फातू यांनी एकमेकींना हाक मारली तर दोघीही वळून पाहतील! इ. स. ९०९ ते ११७१ या काळात उत्तर आफ्रिकेत आणि पुढे इजिप्तमध्ये ज्यांनी राज्य केले त्यांनी आपल्या घराण्याला फातिमी असेच नाव घेतले. कैरो शहर त्यांनी वसवले आणि अल-अजहर त्यांनीच स्थापले. ‘अजहर’ हे नाव ‘जहरा’वरून पडले असे मानतात.

मुसलमान नसलेल्यांनीही हे नाव आपले केले आहे. पोर्तुगालमध्ये अरबांच्या राजवटीच्या खुणा सांगणारे फातिमा नावाचे गाव आहे. १९१७ साली तिथे तीन गुराखी मुलांना मरियमचे दर्शन झाले अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. तेव्हापासून ते त्यांचे मोठे तीर्थक्षेत्र झाले आणि गोव्यात, मुंबईत ख्रिस्ती मुलींचेही नाव फातिमा ठेवले जाऊ लागले. उलट, याच नावाची विटंबनाही झालेली आहे. अल्जीरिया फ्रेंचांच्या ताब्यात होता तेव्हा तिथले फ्रेंच लोक घरकाम करणाऱ्या कोणत्याही मुसलमान बाईला सरसकट ‘फातमा’ म्हणत. तिचे खरे नाव काय, हे विचारण्याची त्यांना गरज वाटत नसे. ज्या समाजातल्या स्त्रिया शाळेपासून दूर राहतात त्यांना जग एकाच नावाने ओळखते, हा धडा यातून घ्यावा.

याच्या उलट, ज्या फातिमांना शिकायला मिळाले त्यांची नावे पुस्तकात राहिली. मोरोक्कोतील फेज शहरात इ. स. ८५९ मध्ये कारवियीन मशीद बांधली गेली. ती फातिमा फिहरी नावाच्या स्त्रीने वारशात मिळालेल्या पैशातून बांधली, असे तिथल्या परंपरेत सांगतात. त्या मशिदीतून जे विद्यापीठ उभे राहिले त्याची गणना आजही चालू असलेल्या जगातल्या सर्वांत जुन्या विद्यापीठांत होते. बाराव्या शतकात फातिमा समरकंदी ही हनफी कायद्याची पंडिता होऊन गेली. ‘तुहफतुल फुकहा’ हा ग्रंथ लिहिणाऱ्या वडिलांनी तिला स्वतः शिकवले. त्यांच्या घरातून निघणाऱ्या फतव्यांवर बापाच्या सहीबरोबर मुलीचीही सही असे. तिचे लग्न वडिलांचे शिष्य काशानी यांच्याशी झाले. वडिलांच्या ग्रंथावर त्यांनी लिहिलेली टीका हाच तिचा मेहेर ठरला. तेही मोठे विद्वान, परंतु त्यांच्या निर्णयात कुठे चूक झाली तर ती दाखवून देई आणि ते ती मान्य करीत. मुलगी जास्त शिकली तर तिला नवरा कुठला शोधायचा, असे विचारणाऱ्या पालकांना मी ही गोष्ट सांगतो.

फार लांब जायला नको. आपल्या पुण्यात सावित्रीबाई फुले यांच्या कामात एक फातिमा सोबत होती. सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला असताना त्यांनी १० ऑक्टोबर १८५६ रोजी जोतीरावांना पत्र लिहिले. आपल्या गैरहजेरीत फातिमावर कामाचा भार पडत असेल, पण ती तक्रार करणार नाही, अशा आशयाचा उल्लेख त्या पत्रात आहे. उल्लेख लहान असला तरी त्यात किती विश्वास आहे! मुंबईत फातिमा इस्माईल यांनी स्वतःच्या मुलीला पोलिओ झाल्यावर केवळ तिच्यावरच उपचार केले नाहीत, तर १९४७ पासून अशा असंख्य मुलांच्या पुनर्वसनाचे काम उभे केले. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आणि केरळातील पत्तनमतिट्टा येथे १९२७ साली जन्मलेल्या फातिमा बीवी १९८९ मध्ये भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या पहिल्या महिला न्यायाधीश झाल्या. मुलीने कायदा शिकावा असा आग्रह त्यांच्या वडिलांनीच धरला होता. १९५० च्या बार कौन्सिलच्या परीक्षेत त्या पहिल्या आल्या. २०२३ मध्ये त्या निवर्तल्या.

पालकहो, आता मघाच्या मुद्द्याकडे येतो. मुलगी सातवी-आठवीत गेली की घरात बोलणे सुरू होते. पुढची शाळा लांब आहे, एस.टी. उशिरा येते, जमाना चांगला नाही. बाप एकटाच ठरवतो आणि जूनमध्ये हजेरीपटावरचे एक नाव कमी होते. तुमची भीती खोटी आहे असे मी म्हणत नाही. मलाही मुलगी आहे. पण दूध तोडताना आईला वाटते ती भीती याच जातीची असते. मूल आपल्यापासून एक पाऊल लांब जाणार म्हणून जीव तुटतो, तरी त्याच्या वाढीसाठी आई मन घट्ट करते. तान्ह्या बाळाच्या दुधासाठी जर आई-बापांनी एकत्र बसून सल्ला करायचा असेल, तर चौदा वर्षांच्या मुलीच्या शिक्षणाचा निर्णय आईला न विचारता, मुलीला न विचारता कसा घेता येईल? तिघांनी बसा, शिक्षकांना बोलवा. दोन-चार मुलींनी मिळून जाण्याची सोय होते. शाळेत जाणाऱ्या मुलींना बारावीपर्यंत एस.टी.चा पास मोफत आहे. अडचणीला वाट असते, पण ती शोधायला बसावे लागते.

आणखी एक व्यवहाराची गोष्ट. जन्मदाखल्यावर फातिमा, आधारकार्डावर फातेमा आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात फातमाबी, असे एकाच मुलीचे नाव तीन तऱ्हांनी लिहिलेले मी पाहिले आहे. अशा एका मुलीच्या वडिलांनी शिष्यवृत्तीसाठी कचेरीत किती खेपा घातल्या, आणि त्यापायी किती दिवसांची मजुरी बुडाली, हे मला माहीत आहे. तिन्ही रूपे बरोबर आहेत, पण कागदावर एकच ठेवा. पहिलीत नाव घालताना जन्मदाखला बरोबर आणा आणि रजिस्टरात काय लिहिले ते स्वतः वाचा, वाचता येत नसेल तर मुलीकडून वाचून घ्या. शाळा सोडल्यावर दुरुस्ती करणे फार कष्टाचे होते.

आणि मुलींनो, तुमच्यापैकी ज्यांचे नाव फातिमा आहे त्यांनी आज घरी गेल्यावर आईला या नावाचा अर्थ सांगा. ज्यांचे नाव आयेशा, जैनब, मरियम आहे त्यांनी आपल्या नावाचा अर्थ शोधून काढा आणि वर्गात येऊन सांगा. मी वाट पाहतो.

पालकांनी आपल्याला नाव दिले, ते मोठ्या लोकांचे दिले, यात त्यांचे प्रेम आहे. आता त्या नावाच्या मुलीला दहावीच्या, बारावीच्या आणि त्यापुढच्याही हजेरीपटावर राहू द्या, एवढीच माझी तुम्हाला कळकळीची विनंती आहे.