असाइनमेंट गुणांसाठी, नोंद सगळ्यांसाठी

कॉलेजातल्या असाइनमेंटचं पुढे काय होतं? सर तपासतात, गुण देतात आणि कागद रद्दीत जातात. तीच मेहनत विकिपीडियावर गेली तर कितीतरी लोकांच्या कामी येईल. कल्पना चांगलीच आहे. पण ती फसू शकते, हेही आपण पुण्यात पाहिलं आहे.

२०११ मध्ये विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत हा प्रयोग केला. विद्यार्थ्यांनी वर्गाचं काम म्हणून इंग्रजी विकिपीडियावर लिहायचं होतं. अनेकांनी पुस्तकांतले, संकेतस्थळांवरचे उतारे जसेच्या तसे टाकले. ते शोधून काढता काढता स्वयंसेवक थकले. त्याच वर्षी प्रयोग थांबला.

मुलं आळशी होती, असं मला वाटत नाही. फळ्यावरचं वहीत आणि गाइडमधलं पेपरात उतरवायची सवय आपल्याला शाळेपासूनच लागते. वर्गात ते खपतं. सगळ्यांसाठी खुल्या असलेल्या ज्ञानकोशात तो कॉपीराइटचा भंग ठरतो.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे नवख्या माणसाला पहिल्याच दिवशी अख्खा प्रोग्राम लिहायला देत नाहीत. छोटी दुरुस्ती देतात आणि ती दुसरा कुणीतरी तपासतो. विकिपीडियावरही प्रत्येक बदल लेखाच्या ‘इतिहासा’त दिसतो आणि तो कुणालाही उलटवता येतो. म्हणून पहिली असाइनमेंट एवढीच असावी: आधीच असलेल्या लेखातल्या एका वाक्याला भक्कम संदर्भ जोडा.

मग पुढची पायरी. समजा, विषय आहे ‘योगसंग्राम’ लिहिणारे श्रीगोंद्याचे शेख महंमद. रा. चिं. ढेरे यांचं ‘मुसलमान मराठी संतकवी’ ग्रंथालयातून आणा. वाचा. पुस्तक मिटा. आता स्वतःच्या शब्दांत चार वाक्यं लिहा, पुन्हा पुस्तक उघडून ती ताडून पाहा आणि पृष्ठ क्रमांक द्या. ‘थोर’, ‘महान’ असले शब्द टाळा. माणूस आपला वाटतो म्हणून नियम सैल होत नाहीत.

आपल्याबद्दल चुकीचं लिहिलं जातं, अशी तक्रार आपण नेहमी करतो. ती पुष्कळदा रास्तही असते. पण रागाच्या भरात पुसलेलं वाक्य तासाभरात परत येऊ शकतं. छापील पुराव्यानिशी केलेली दुरुस्ती काढायची तर समोरच्यालाही पुरावा द्यावा लागतो.

मराठी विकिपीडिया २००३ पासून सुरू आहे आणि तिथे लिहायला कुणाची शिफारस लागत नाही. या सत्रात आपल्या प्राध्यापकांकडे अशी असाइनमेंट मागा. नाही मिळाली, तर चौघं मिळून ग्रंथालयात बसा आणि एका लेखापासून सुरुवात करा.