अभयारण्यातली कोठी



सूरजागड म्हटलं की आज लोहखनिज आठवतं, ट्रकांच्या रांगा आठवतात. तिथून दक्षिणेकडे गेलं की भामरागड अभयारण्य लागतं. १९९७ साली घोषित झालेलं, सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं. अशा जंगलात राबणाऱ्या वनरक्षकांची आणि वनमजुरांची एक गरज आज मांडायची आहे: सामान ठेवायला धड कोठी.

आगीचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पानं यावीत म्हणूनही पेटवतात, आणि वणवा पसरतो. वणवा अडवणाऱ्या जाळरेषांवरचा पाला झाडायला ब्लोअर लागतो. हंगाम संपला की तो ठेवायचा कुठे? जुन्या कौलारू कोठीत पावसाळा काढल्यावर टाकीतलं उरलेलं पेट्रोल कार्बुरेटरमध्ये चिकटून बसतं, उंदीर रबरी नळ्या कुरतडतात, उंदरांमागे साप येतो. फेब्रुवारीत दोरी ओढून ओढून हात भरून येतात, यंत्र काही सुरू होत नाही. मग माणसं हिरव्या डहाळ्यांनी आग झोडपत राहतात.

जप्त केलेला मुद्देमालही, म्हणजे तारेचे फासे, भरमार बंदुका, कोर्टाच्या तारखेपर्यंत नीट राहायला हवा. त्यावरची चिठ्ठी वाळवीनं खाल्ली, तर शिकाऱ्यावरचा गुन्हा शाबीत कसा करायचा?

पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडची वाट बंद होते. म्हणूनच गावांचं रेशन पावसाआधी पोचवून ठेवतात. वनरक्षकाच्या नाक्यालाही तोच नियम लावावा, आणि ते सामान ठेवायलाही कोठी हवी.

नवी कोठी जुन्या जागेवरच उभारावी, एकही झाड न तोडता. जोतं उंच, पागोळ्या लांब, वरच्या झरोक्यांना बारीक जाळी, लोखंडी मांडण्या भिंतीपासून हातभर सुटलेल्या. पेट्रोलची खोली वेगळी. पाडकामाआधी माळ्यावर घुबड किंवा वटवाघळं आहेत का, तेही पाहावं. त्यांची पिल्लं असतील तर थांबावं. चांगली कौलं पुन्हा चढवावीत. लाकूड आलापल्लीच्या जंगलातलंच असावं. २०२३ साली इथला साग अयोध्येच्या मंदिरासाठी गेला, याचा आपल्याला अभिमान आहे. त्याच सागाच्या चार फळ्या इथल्या दारालाही मिळाव्यात.

आणि पैसा? खाणींच्या रकमेतून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी उभा राहतो, आणि पर्यावरण रक्षण हा त्याचा एक हेतू आहेच. सूरजागडच्या खनिजातून आलेल्या पैशावर या जंगलाचा पहिला हक्क आहे, असं मी मानतो. ग्रामसभेला विचारून दिवाळीनंतर काम काढावं. फेब्रुवारीत जाळरेषा पेटवायच्या आधी ब्लोअर नव्या मांडणीवर असायला हवेत.