बोलायला आडोसा



आमच्या सानगडीहून नागपूरला जायचे म्हणजे आधी साकोली, मग मोठ्या सडकेने भंडारा, आणि भंडाऱ्यापुढे आणखी साठेक किलोमीटर. डोळ्यांत मोतीबिंदू असेल, हाड मोडले असेल, तर माणूस हा प्रवास करतो आणि एसटीत शेजाऱ्याला सांगतोही, 'दवाखान्यात चाललो.' पण रात्ररात्र झोप लागत नाही, नवराबायको दोनदोन महिने एकमेकांशी बोलत नाहीत, छातीवर धोंडा ठेवल्यासारखे वाटते, यासाठी कोणी नागपूरची गाडी धरल्याचे तुम्ही ऐकले आहे काय? नागपूरचे मनोरुग्णालय १८६४ सालचे. त्याच्या जवळच्या चौकाला लोक 'पागलखाना चौक' म्हणतात. नावच असे पडले, मग त्या वाटेने जायला कोण धजावणार?

आता ती मदत घरबसल्या फोनवर मिळू शकते. भारत सरकारची 'टेली मानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. क्रमांक १४४१६. दिवसरात्र चालते, पैसे लागत नाहीत. २०२५ सालापर्यंत तिथे वीस लाखांहून अधिक फोन आले. मराठी निवडा आणि बोला. आपल्या झाडीबोलीत 'पाणी'चे 'पानी' झाले, तरी पलीकडच्याला समजते.

मी हे पुस्तकातून वाचून सांगत नाही. बाबा गेल्यावर दीड एकर धानाच्या बांधीवरून माझे आणि धाकट्या भावाचे फाटले. भांडण बाहेरचे, पण त्याची झळ घरात लागली. मी पत्नीवर खेकसू लागलो, पहाटे तीनला उठून मनाशी हिशेब करीत बसू लागलो. एके दिवशी ती एवढेच म्हणाली, "तुम्ही भावाशी भांडता की माझ्याशी, ते एकदा ठरवा." त्या संध्याकाळी मी तलावाच्या पाळीवर जाऊन हा क्रमांक फिरवला. पहिल्या खेपेस पलीकडून आवाज येताच फोन ठेवून दिला. मास्तर माणूस, कोणी ओळखले तर? दुसऱ्या खेपेस एका बाईंनी विचारले, "मोकळेपणी बोलता येईल अशा जागी आहात ना?"

त्यांनी जमिनीचा निवाडा केला नाही. कोणाची बाजू खरी, हेही विचारले नाही. झोप कधीपासून मोडली, जेवण जाते का, दिवसातला कोणता वेळ जड जातो, असे साधे प्रश्न. जीव नकोसा वाटतो का, हेही आडवळण न घेता विचारले. असे विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरतो, अशी आपल्याकडे समजूत आहे. ती खरी नाही. उलट, कोणीतरी विचारले म्हणून पुष्कळांचा कोंडमारा सुटतो. मग त्यांनी मला एक काम दिले. दिवसात ज्या ज्या वेळी राग येईल, तो मुळात कोणावरचा आहे ते वहीत लिहायचे, आणि संध्याकाळी पत्नीबरोबर अर्धा तास चालायचे. त्या अर्ध्या तासात बांधीचा विषय काढायचा नाही. एम.ए. झालेल्या माणसाला ही शिकवणी! पण वहीचे पान भरले तेव्हा दिसले की, दहापैकी आठ वेळा राग भावावरचा आणि बोलणी मात्र पत्नीला. असे चार वेळा बोलणे झाले. बांधीचा वाद अजून मिटलेला नाही. झोप मात्र परत आली, आणि आम्ही दोघे एका वेळी जेवायला बसतो.

नुसत्या बोलण्याने काय होते, अशी शंका तुम्हांला येईल. मलाही होती. लंडनमध्ये चॅड वारा नावाच्या पाद्र्यांनी २ नोव्हेंबर १९५३ रोजी जीवाला कंटाळलेल्यांसाठी एक टेलिफोन सुरू केला. लोक भेटायलाही येत. पाद्रीबाबांची वेळ होईपर्यंत साधे स्वयंसेवक त्यांना चहा देत, त्यांचे ऐकून घेत. काही दिवसांत असे दिसले की, पुष्कळांना तेवढ्यानेच उतार पडतो आणि ते पाद्र्यांना न भेटताच घरी जातात! १९५४ च्या फेब्रुवारीत त्यांनी फोनवर बोलण्याचे काम त्या स्वयंसेवकांच्याच हाती दिले.

आपल्या जवळचेही दाखले आहेत. गोव्यात डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर नसलेल्या स्थानिक माणसांना शिकवून समुपदेशक केले. उदासीनतेच्या रोग्यांबरोबर सहा ते आठ बैठका. गुण आला, आणि २०१७ साली ते शास्त्रीय नियतकालिकात छापूनही आले. अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत 'विश्राम' प्रकल्प झाला. तिथे उदासीनतेने ग्रासलेल्या शंभरांतील जेमतेम चार जण आधी मदत घेत. पुढे ते प्रमाण सत्तावीसवर गेले. ही मदत समोरासमोर बसून होती, फोनवरची नव्हती, हे सांगितले पाहिजे. पण मदत दाराशी आली की माणसे ती घेतात, एवढे त्यातून दिसते.

मग अडते कुठे? माझ्या मते, जागेवर. त्या बाईंच्या पहिल्या प्रश्नाचे मर्म मला मागाहून कळले. गावातल्या घरात दोन खोल्या, सहा माणसे. सूनबाईने सासूबद्दल बोलायचे ते कुठे? फोन बहुधा नवऱ्याचा. कोणता क्रमांक फिरवला ते त्यात उमटून राहते. पुरुष माणूस तलावाची पाळ गाठतो, तिने संध्याकाळी एकटीने पाळीवर जायचे म्हटले तर गाव विचारील, कशाला? म्हणून माझी विनंती आहे की, शाळा, अंगणवाडी, ग्रामपंचायत यांपैकी कुठेतरी एक खोली आणि एक फोन दिवसातला तासभर यासाठी मोकळा ठेवावा. दार लागले पाहिजे, आणि बाहेर बसणाऱ्याने कोण आले ते विसरले पाहिजे.

आणखी एक. घरात मारहाण होत असेल, तर तो 'नात्यातला ताण' नव्हे. नवराबायकोला शेजारी बसवून समजूत घालण्याचे ते प्रकरण नाही. तिथे २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा कायदा आहे, महिलांसाठी १८१ क्रमांक आहे, आणि जीवावर बेतले तर ११२.

हल्ली पैसे घेऊन चित्रफोनवर समुपदेशन करणारेही पुष्कळ निघाले आहेत. चांगलेही आहेत. पण आधी शिक्षण विचारावे. चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणवणाऱ्याला भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक विचारण्यात संकोच कसला? सात दिवसांत संसार सुखाचा करून देतो म्हणणाऱ्याला लांबूनच नमस्कार करावा.

शिक्षक बंधुभगिनींना थोडे वेगळे सांगायचे आहे. त्या वारा यांच्या मनात या कामाचे बीज पडले ते १९३५ साली. चौदा वर्षांच्या एका मुलीचा अंत्यविधी त्यांनी केला होता. पहिली पाळी आली, ती काय असते हे सांगणारे तिला कोणी नव्हते. आपल्याला वाईट रोग जडला असे समजून तिने जीव दिला. तुमच्या वर्गात एखादे मूल आठवडाभर डबा न उघडता परत नेत असेल, तर वर्गासमोर कारण विचारू नका. समुपदेशक होण्याचाही प्रयत्न करू नका. त्याला बाजूला बोलवा, क्रमांक लावून द्या, तो बोलू लागला की खोलीबाहेर जा आणि व्हरांड्यात थांबा. जीव देण्याची भाषा करीत असेल, तर मात्र त्याला क्षणभरही एकटे सोडू नका.

क्रमांक पुन्हा सांगतो, कागद-पेन्सिल घ्या: एक, चार, चार, एक, सहा.