बाहेरची फोनलाईन, आतली मीटिंग



आयटीतल्या नोकऱ्यांवर बोला, असा मला निरोप होता. सगळ्या आयटीवर मी बोलू शकणार नाही. रोज जे काम करतो तेवढंच सांगतो, कारण या कामाच्या अगदी शेजारी एक धोका आहे आणि तो तुमच्या वयाच्या मुलांकडेच येतो.

कंपनीतली माणसं टीम्सवर मीटिंग घेतात. ग्राहक मात्र साध्या फोनवरून कंपनीचा नंबर लावतो. तो नंबर टेलिकॉम कंपनीचा आणि टीम्स मायक्रोसॉफ्टचं. या दोघांना जोडायचं काम माझं. त्यासाठी मायक्रोसॉफ्टने 2018 साली डायरेक्ट राउटिंग नावाची सोय सुरू केली. मध्ये एक सेशन बॉर्डर कंट्रोलर बसतो, आम्ही त्याला एसबीसी म्हणतो. तो खरं तर दुभाषा. दोन्ही बाजू एसआयपीच बोलतात, पण बोली वेगळी. एक बाजू नंबराआधी शून्य लावून पाठवते, दुसरीला +91 लागतं. टीम्सला सगळं एन्क्रिप्ट केलेलं हवं, टेलिकॉमची लाईन बहुधा तशी नसते.

यातला नेहमीचा त्रास सांगतो. घंटी वाजते, समोरचा फोन उचलतो आणि आवाज एकाच बाजूने येतो. नवीन माणूस लगेच टेलिकॉम कंपनीला दोष देतो. बहुतेक वेळा घोळ फायरवॉलमध्ये असतो. कॉल जोडण्याचे संदेश एका वाटेने जातात, आवाज वेगळ्या पोर्टवरून जातो, आणि ती दुसरी वाट कोणी उघडलेलीच नसते. दुसरा त्रास सर्टिफिकेटचा. एसबीसीच्या सर्टिफिकेटची मुदत संपली की अख्ख्या ऑफिसचे फोन एकदम बंद पडतात. कॅलेंडरात तारीख लिहून ठेवणं हे या कामातलं निम्मं इंजिनिअरिंग आहे.

आता धोक्याचं. समजा, अमेरिकेतला कॉल इंटरनेटवरून पुण्यात आणला आणि इथल्या लाईनवरून लोकल कॉल म्हणून सोडला. तंत्र म्हणून सोपं आहे, एसबीसीला काही फरक पडत नाही. पण यात परवानाधारक कंपनीचा आंतरराष्ट्रीय मार्ग टाळला जातो. याला टोल बायपास म्हणतात आणि भारतात त्याला मनाई आहे. म्हणूनच टीम्समध्ये लोकेशन बेस्ड राउटिंग नावाची सेटिंग आहे. कर्मचारी कोणत्या ऑफिसच्या नेटवर्कवर आहे हे पाहून ती लाईन वापरू देते किंवा अडवते. साहेब वैतागतात, घरून कॉल का लागत नाही म्हणून. वैतागू द्या. 2021 मध्ये दूरसंचार विभागाने कॉल सेंटरवाल्यांचे बरेच नियम सैल केले, पण टोल बायपासला मोकळीक मिळालेली नाही.

याचाच चोरटा प्रकार म्हणजे सिमबॉक्स. ओळखीचा कोणी येतो. ‘तुला नेटवर्किंग येतं ना? एका खोलीत डबा बसवून दे, सिमकार्डं मी आणतो, दरमहा पैसे देतो.’ परदेशातला कॉल मग इथल्याच मोबाईलवरून आल्यासारखा दिसतो आणि खरा बोलणारा लपतो. 2017 मध्ये लातूरला एटीएसने अशी बेकायदा एक्स्चेंज पकडली होती. अशा प्रकरणात पैसे कमावणारा लांब असतो. हाताशी सापडतो तो डबा बसवणारा आणि ज्याच्या नावावर खोली किंवा सिम आहे तो. आपल्यातल्या एखाद्याची चौकशी सुरू झाली की ती कुठवर जाते, हे इथे बसलेल्यांना मी सांगायला नको.

म्हणून काम घेण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा: लाईन कोणत्या टेलिकॉम कंपनीची, कोणाच्या नावावर आणि कोणत्या पत्त्यावर. सरळ ग्राहक अर्ध्या तासात कागद पाठवतो. जो ‘नंतर देतो’ म्हणतो, त्याला तुम्हीही नंतर भेटा.

शिकायला मात्र ना टेलिकॉमची लाईन लागते, ना पैसे. जुन्या लॅपटॉपवर ॲस्टरिस्क टाका, ते मोफत आहे. दोन मोबाईलवर सॉफ्टफोन घ्या आणि घरच्या वायफायवर एकाने दुसऱ्याला कॉल करा. वायरशार्क उघडून बघा: आधी इन्व्हाइट दिसेल, मग 180, फोन उचलला की 200. एका बाजूचा आवाज गायब झाला तर उत्तमच, तो का गेला ते शोधा. पुढच्या महिन्यात मी पुन्हा येणार आहे, लॅपटॉप घेऊन या.