स्वाराचे शिक्षण आणि घोडीचे आरोग्य

(डिंभे येथे ग्रामपंचायत सदस्य व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा गोषवारा)



घोड नदीच्या या खोऱ्यात यात्रा आणि बैलगाडा शर्यत यांचे नाते जुने आहे. घाटात गाडा सुटतो तेव्हा पुढे घोडी धावते आणि तिच्यामागे बैल वेग धरतात. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींना मनाई केली. राज्याने 2017 मध्ये कायद्यात दुरुस्ती केली. 16 डिसेंबर 2021 रोजी सशर्त परवानगी मिळाली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठाने ती दुरुस्ती वैध ठरविली. या वादात बैलांचा विचार झाला, तसा घोडीचा व तिच्यावरील तरुण स्वाराचाही व्हावयास हवा.

घाटात निकाल सेकंदांवर ठरतो. म्हणून स्वाराला चाबकाचा मोह होतो. यावर उपाय शिक्षणाचा आहे, आणि त्याचा आरंभ जमिनीवरच झाला पाहिजे. खुरातील खडा काढणे, खोगिराखालची पाठ चाचपणे, लगामाने ओठांच्या कडा सोलल्या आहेत काय हे पाहणे, हा पहिला धडा. जबड्याखाली बोटे ठेवून नाडी मोजणे, हा दुसरा. विश्रांतीत घोड्याची नाडी मिनिटाला साधारणतः 28 ते 44 असते. धावेनंतर ती उतरेपर्यंत दुसरी फेरी नको. घोड्याला उलटी होत नाही. यास्तव एकाच वेळी भरमसाट खुराक दिल्यास पोटशूळ प्राणावर बेततो.

त्यानंतर बैठक. लगामाला लोंबकळून तोल सावरणारा स्वार घोडीचे तोंड दुखावतो. म्हणून लांब दोरीवर गोल फिरणाऱ्या घोडीवर, हातात लगाम न देता, त्याला तोल शिकवावा. 2023 मध्ये हांगझाऊ येथील आशियाई स्पर्धेत भारताने ड्रेसाज या अश्वक्रीडेचे सांघिक सुवर्णपदक मिळविले. 1982 नंतर अश्वक्रीडेतील भारताचे हे पहिलेच आशियाई सुवर्ण. त्या संघात मुंबईचा हृदय छेडा होता. त्या क्रीडाप्रकारात स्वाराच्या सूक्ष्म इशाऱ्याला घोड्याने शांतपणे दिलेल्या प्रतिसादाला गुण मिळतात.

पंचायतींनी घाटाजवळ घोड्यांसाठी सावली व पाणी ठेवावे. पशुवैद्यकाने थकलेली वा लंगडणारी घोडी थांबविली, तर तो निर्णय गावाने अंतिम मानावा. शिक्षकांनी नाडी मोजण्याचा धडा विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष घोड्यापाशी द्यावा. शर्यतीला मिळालेली परवानगी सशर्त आहे. त्या अटींचे पालन पोलिसांच्या धाकाने होण्यापेक्षा स्वाराच्या हातून होणे अधिक टिकाऊ ठरेल.